घाटाचा टप्पा पाहावा कसा? टूर द फ्रान्स नव्याने पाहणाऱ्यांसाठी

जुलै महिन्यात तीन आठवडे चालणाऱ्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत २१ टप्पे, म्हणजे एकेका दिवसाच्या शर्यती, असतात आणि साधारण ३,४०० किलोमीटरचे अंतर कापले जाते. परंतु शर्यत कोण जिंकणार, हे बहुतेक वर्षी त्यांपैकी मोजक्या टप्प्यांत ठरते आणि ते टप्पे आल्प्स किंवा पिरेनीज पर्वतांतले असतात. नव्याने पाहायला बसलेल्या माणसाला मात्र नेमके हेच टप्पे कंटाळवाणे वाटण्याचा संभव असतो. सायकलस्वार चार-पाच तास चालवत राहतात, चढावर वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास आलेला असतो, आणि समालोचकाचा आवाज एकाएकी चढतो तेव्हा नक्की काय घडले ते उमगत नाही. मीही पहिली दोन वर्षे पडद्यावर जो सर्वांत पुढे दिसेल त्याच्याकडेच पाहत असे आणि त्यामुळे निम्मी शर्यत माझ्या नजरेतून निसटत असे. घाटात लक्ष ठेवायचे असते ते मागे. गटाच्या शेपटाला कोण लटकला आहे, कोण सुटला, कोणाचे सोबती संपले, हे दिसू लागले की तोच संथ वाटणारा टप्पा श्वास रोखून धरायला लावतो. पुढच्या पायऱ्या ही नजर तयार व्हावी म्हणून दिल्या आहेत.

पहिली पायरी : आदल्या रात्री उंचीचा आलेख वाचून ठेवा

प्रत्येक टप्प्याचा उंचीचा आलेख आयोजक आधीच प्रसिद्ध करतात. त्यावर प्रत्येक चढणीची लांबी, सरासरी चढ आणि माथ्याची उंची लिहिलेली असते. चढ टक्क्यांत सांगतात. ९ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना रस्ता ९ मीटर वर उचलला जातो. चढणींना चौथ्यापासून पहिल्यापर्यंत श्रेणी दिलेल्या असतात आणि त्यांच्याही वर जी सर्वांत कठीण चढण असते तिला फ्रेंचमध्ये ‘ओर काटेगोरी’, म्हणजे श्रेणीबाहेरची, असे म्हणतात.

आकडे नुसते वाचून अंदाज येत नाही, म्हणून ओळखीचा घाट डोळ्यांसमोर आणावा. आल्प्समधली ग्रानोंची चढण ११.३ किलोमीटर लांब असून तिचा सरासरी चढ ९.२ टक्के आहे, म्हणजे एवढ्या अंतरात सायकलस्वार हजार मीटरहून अधिक वर चढतो. खोपोलीहून बोरघाटाने खंडाळ्याला पोहोचेपर्यंत जेवढी उंची गाठली जाते, तिच्या जवळजवळ दुप्पट ही चढाई आहे, आणि तीही आधी दोन मोठ्या खिंडी ओलांडून आल्यावर करायची असते. शिवाय तिचा माथा २,४१३ मीटरवर आहे. दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि ज्यांना खालच्या चढणींवर काही अडचण येत नाही, अशा काहींचे पाय तिथे अचानक जड होतात.

आलेखात तीन गोष्टी शोधाव्यात. टप्पा माथ्यावर संपतो की उतरून खाली गावात, हे पहिले. दोन चढणींच्या मधे सपाट दरी किती लांब आहे, हे दुसरे. कारण दरी लांब असेल तर एकट्याने पुढे गेलेल्या माणसाला वाऱ्याशी एकट्यानेच झगडावे लागते आणि मागचा गट त्याला सहज गाठतो. तिसरी गोष्ट म्हणजे सरासरीच्या आड लपलेला खडा चढ. कूर्शव्हेलजवळच्या लोझच्या खिंडीत शेवटच्या भागात २० टक्क्यांहून अधिक चढाचे तुकडे आहेत, पण नुसती सरासरी वाचणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही.

दुसरी पायरी : वेळ नीट निवडा

जुलैमध्ये फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. घाटाचे टप्पे तिथे बहुधा संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास संपतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ ते नऊ. ज्यांना पूर्ण टप्पा पाहणे शक्य नाही, त्यांनी शेवटच्या दोन मोठ्या चढणींपासून बसावे. साधारण सात वाजता सुरुवात केली तरी मुख्य भाग हाती लागतो. फक्त शेवटची पाच किलोमीटर पाहू नयेत. तेवढ्याने निकाल समजतो, पण तो कशामुळे लागला हे कळत नाही.

तिसरी पायरी : रंग आणि नाती ओळखा

प्रत्येक संघात आठ सायकलस्वार असतात आणि बहुतेक संघांचा एकच म्होरक्या असतो. उरलेले सात जण त्याच्यासाठी पाणी आणतात, वारा अंगावर घेतात, वेळ आली तर त्याला आपले चाक काढून देतात. पिवळी जर्सी, जी १९१९ पासून दिली जाते, ती सर्व टप्प्यांची एकूण वेळ ज्याची सर्वांत कमी त्याला मिळते. हिरवी जर्सी गुणांची, पांढरी तरुणांमधल्या पहिल्याची, आणि पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी डोंगरांच्या राजाची असते. ‘डोंगरांचा राजा’ हा किताब मराठी वाचकांना परका वाटू नये, कारण आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची जुनी रीत आहे.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. ठिपक्यांची जर्सी घालणारा हा शर्यतीतला सर्वोत्तम चढणारा असेलच असे नाही. प्रत्येक माथ्यावर पहिल्या काही जणांना गुण मिळतात. श्रेणीबाहेरच्या चढणीवर पहिल्याला २०, पहिल्या श्रेणीच्या चढणीवर १०. जो रोज सकाळी गटातून निसटून एकामागून एक माथे आधी गाठतो, तो एकूण वेळेत कितीही मागे असला तरी ही जर्सी मिळवू शकतो. रिशार विरेंकने ती सात वेळा जिंकली, पण टूर तो एकदाही जिंकला नाही. म्हणून पडद्यावर ठिपके दिसले की तो गुणांसाठी झगडतो आहे की एकूण वेळेसाठी, हे आधी स्वतःला विचारावे.

चौथी पायरी : चढावर माणसे का सुटतात ते समजून घ्या

हे कळले की बाकीचे आपोआप कळते, म्हणून इथे थोडे थांबू. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे लपून चालवणाऱ्याची त्यातली सुमारे एकतृतीयांश मेहनत वाचते. त्यामुळे सपाट टप्प्यावर थकलेला किंवा कमी ताकदीचा माणूसही गटात दडून राहू शकतो, आणि दीडशेहून अधिक जण एकत्रच शेवटापर्यंत येतात. नऊ-दहा टक्क्यांच्या चढावर वेग निम्म्यावर येतो, हवेचा अडथळा फारसा उरत नाही आणि झगडा सुरू होतो तो स्वतःच्या वजनाशी. तिथे लपायला जागा नसते. शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॅट शक्ती निघते, एवढाच हिशेब राहतो. सर्वोत्तम चढणारे लांब चढणीवर अर्धा तास आणि त्याहूनही अधिक काळ किलोमागे सुमारे ६ वॅट देतात, म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस ३६० वॅट. ज्याला ५.७ जमतात तोही विलक्षणच असतो, पण तो हळूहळू, एकेका मीटरने, मागे पडत जातो.

सायकलस्वारांत याला ‘सुटणे’ म्हणतात आणि ते दिसते फार साधे. पुढच्याचे मागचे चाक आणि याचे पुढचे चाक यांत आधी हातभर अंतर असते, मग ते सायकलभर होते. तो उभा राहून पेडल मारतो, अंतर भरून काढतो, बसतो, आणि पुन्हा हातभर अंतर पडते. दुसऱ्यांदा पडलेले अंतर सहसा भरून निघत नाही. हा क्षण ओळखता आला की घाट पाहता आला, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी : सकाळी निसटलेल्या गटात कोणाचा माणूस आहे ते पाहा

टप्प्याच्या सुरुवातीला दहा-वीस जणांचा एक गट मुख्य जथ्यापासून निसटतो. त्यांतले बहुतेक जण टप्पा जिंकण्याच्या आशेने गेलेले असतात, पण एखादा वेगळ्याच कामासाठी पाठवलेला असतो. त्याने पुढे राहायचे आणि तीन तासांनंतर आपला म्होरक्या मागून हल्ला करून आला की थांबून त्याला दरीतून ओढत न्यायचे.

हे किती मोलाचे ठरते ते २०२५ च्या जिरो द’इतालियात, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, दिसले. शेवटून दुसऱ्या दिवशी फिनेस्त्रेची चढण होती. १८ किलोमीटरहून लांब, वरचा भाग कच्च्या रस्त्याचा. मेक्सिकोचा तरुण इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत पहिला, होता, इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या मागे ४३ सेकंदांवर आणि इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांवर. येट्स चढावर हल्ला करून पुढे गेला. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांवर नजर ठेवून राहिले. पाठलागाचा भार दुसऱ्याने उचलावा, अशी दोघांची अपेक्षा होती. माथ्यापलीकडे येट्सचा सहकारी वाउट व्हॅन आर्ट वाट पाहत होता. तो सकाळपासून पुढच्या गटात होता तो याचसाठी. त्याने दरीत येट्सला आपल्या आडोशाला घेतले आणि अंतर वाढतच गेले. त्या दिवशी येट्सने गुलाबी जर्सी मिळवली आणि शर्यतही जिंकली. याच फिनेस्त्रेवर २०१८ मध्ये तो गुलाबी जर्सीत असताना पूर्ण कोसळला होता आणि क्रिस फ्रूमने ८० किलोमीटर एकट्याने चालवत ती शर्यत हिसकावून नेली होती. सात वर्षांनी तोच माणूस, तोच कच्चा रस्ता. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ते दृश्य पाहताना गहिवरून आले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

सहावी पायरी : सोबती मोजा, चेहरे वाचा

शेवटच्या मोठ्या चढणीच्या पायथ्याशी म्होरक्यांच्या गटात कोणाचे किती साथीदार उरले आहेत, ते कागदावर लिहून ठेवावे. एखाद्याकडे तिघे आहेत आणि प्रतिस्पर्धी एकटा आहे, तर ते तिघे आळीपाळीने वेग वाढवत राहतात. एकेक जण आपली ताकद संपवून बाजूला होतो आणि त्याच्या मागे गट आणखी बारीक झालेला असतो. बाजूला झालेल्याकडे कॅमेरा क्षणभरच वळतो, पण त्याचे काम तेव्हा पूर्ण झालेले असते.

चेहऱ्यावरून सर्व काही कळत नाही, कारण हे लोक दमछाक लपवण्यात तरबेज असतात. त्यापेक्षा खांदे पाहावेत. दम निघालेल्याचे खांदे डुलू लागतात. पेडलचा ताल पाहावा. तो जड झाला की गुडघे बाहेर पडतात. जर्सीची झिप पूर्ण उघडलेली आहे का, कोणी खिशात हात घालून खायला शोधतो आहे का, शेवटचे काही किलोमीटर उरले असताना पाणी मागतो आहे का, हे पाहावे. तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली नाहीत तर शरीरातला साठा संपतो आणि मग कितीही इच्छा असली तरी पाय चालेनासे होतात. दोन तासांपूर्वी खायचे राहून गेलेले असते आणि त्याची किंमत माथ्याजवळ मोजावी लागते.

सातवी पायरी : हल्ला झाला की सेकंदांचे मीटर करून पाहा

एखादा उभा राहून जोरात निघाला की लगेच त्याच्याकडे पाहत राहू नये; मागचे कोण उठतात ते पाहावे. काही जण लगेच चाकाला चाक लावतात. काही जण आपलाच वेग धरून हळूहळू वर येतात, आणि अशांनाच नवखा प्रेक्षक हरलेले समजतो. पडद्यावरच्या अंतराचा अर्थही जागेनुसार बदलतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चढताना एक मिनिट म्हणजे सुमारे ३३० मीटर. पुढचा माणूस वरच्या वळणावर डोळ्यांना दिसत असतो, तरीही ते मिनिट भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. तेच एक मिनिट सपाटीवर गटाला काही किलोमीटरांत भरून काढता येते. शिवाय टप्प्यात पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा करून मिळतात, हे विसरू नये.

आठवी पायरी : एक टप्पा संपूर्ण पाहा, आणि तो ग्रानोंचा असू द्या

पहिला पूर्ण टप्पा म्हणून कोणता पाहावा, असे मला विचारले तर मी १३ जुलै २०२२ चा, आल्बेरव्हील ते ग्रानों हा ११ वा टप्पा सांगेन. वर लिहिलेले जवळजवळ सगळे त्यात एका दिवसात घडते.

त्या सकाळी पिवळी जर्सी स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारकडे होती. आधीची सलग दोन वर्षे त्याने टूर जिंकली होती आणि डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड त्याच्या ३९ सेकंद मागे होता. पोगाचारच्या संघातले दोघे कोविडमुळे घरी गेले होते. विंगेगार्डच्या संघात प्रिमोझ रोग्लिच हा दुसरा मोठा सायकलस्वार होता, पण पाचव्या टप्प्यात पडल्यामुळे त्याचा बराच वेळ गेलेला होता आणि आता स्वतःसाठी जपून ठेवावे असे त्याच्याकडे काही उरले नव्हते. म्हणूनच त्या दिवशी तो सर्वांत उपयोगी माणूस ठरला.

तेलेग्राफ आणि गालिबिए या चढणींवर, शेवट अजून खूप दूर असताना, रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ले करू लागले. एक गेला की पोगाचार त्याच्या मागे. तो पकडला गेला की लगेच दुसरा निघे. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिले. पाहताना वाटते की हा अजिंक्य आहे. माथ्याकडे जाताना तर त्याने उलट स्वतःच वेग वाढवला. आपण मात्र इथे सोबती मोजावेत. गालिबिएवर त्याच्या बाजूला त्याच्या संघाचा कोणी नव्हता. २,६४२ मीटर उंचीच्या त्या खिंडीत प्रत्येक उत्तराची किंमत त्याच्याच पायांतून वसूल होत होती. दरीत गट पुन्हा मोठा झाला आणि ग्रानोंच्या पायथ्याशी सगळे शांत भासू लागले.

मग सुमारे पाच किलोमीटर उरले असताना विंगेगार्ड निघाला आणि पोगाचार उठला नाही. व्हिडिओ इथे थांबवून पुन्हा पाहावा. पोगाचार पडलेला नाही, सायकल बिघडलेली नाही, फक्त अंतर पडते. जर्सी उघडी, खांदे डुलताहेत, आणि मागून गेरायंट थॉमसपासून एकेक जण येऊन त्याला ओलांडून जातो. पाच किलोमीटरांत २ मिनिटे ५१ सेकंद गेली. टप्पा संपला तेव्हा पिवळी जर्सी विंगेगार्डकडे होती आणि पोगाचार एकूण वेळेत त्याच्या मागे २ मिनिटे २२ सेकंदांवर, तिसऱ्या स्थानी होता. त्या वर्षीची टूर विंगेगार्डनेच जिंकली. हल्ला ग्रानोंवर झाला असला, तरी पोगाचारचे पाय गालिबिएवर संपले होते, असे मी ठामपणे म्हणेन.

नववी पायरी : उतारावर चहा करायला उठू नका

माथ्यावर संघाचे लोक बाटल्या आणि वारा अडवणारी बिनबाह्यांची जाकिटे घेऊन उभे असतात, कारण घामाने भिजलेल्या अंगाला उतारावर थंडी भरते. त्यानंतर वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो. ग्रानोंच्या दुसऱ्याच दिवशी टॉम पिडकॉकने गालिबिएच्या उतारावर पुढच्यांना गाठले आणि त्याच दिवशी २१ वळणांच्या आल्प द्युएझवर तो एकटा जिंकला. त्याच्या विजयाचा पाया चढावर नव्हे, उतारावर घातला गेला होता. उतार हा कसबाचा भाग आहे, पण तो जिवावरचाही आहे. २०२३ च्या टूर द स्वीसमध्ये आल्बुलाच्या उतारावर पडून गिनो मेडरचा मृत्यू झाला. उतार पाहताना मला ते आठवतेच, आणि कोणी वळणावर सावधपणे ब्रेक दाबला तर त्याला भित्रा म्हणवत नाही.

दहावी पायरी : विजेता आल्यावर आणखी अर्धा तास बसा

वेगाने धावणारे धिप्पाड सायकलस्वार, ज्यांचे वजन चढणाऱ्यांपेक्षा दहा-पंधरा किलोंनी जास्त असते, ते अजून खाली घाटात असतात. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत पोहोचला नाही तो शर्यतीतून बाद होतो. विजेत्याला साडेचार तास लागले आणि सूट १२ टक्के असेल, तर सुमारे ३२ मिनिटे मिळतात. म्हणून वेगवेगळ्या संघांचे थकलेले लोक एकत्र येऊन एक गट करतात, ज्याला ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात, आणि घड्याळाचा हिशेब करत सगळे मिळून वर येतात. दिवसभर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेली माणसे तिथे एकमेकांना वारा अडवून देतात.

२०२२ मध्येच पेरागूदच्या टप्प्यात हॉलंडचा फॅबिओ याकोबसन शेवटच्या खड्या चढावर एकटा वर येत होता. दोन वर्षांपूर्वीच्या एका भीषण अपघातातून तो वाचला होता आणि याच टूरमध्ये त्याने एक सपाट टप्पा जिंकला होता. त्याचे सहकारी अंतिम रेषेपाशी उभे राहून त्याला ओरडून बोलावत होते. तो मुदतीच्या अवघ्या काही सेकंद आधी पोहोचला आणि रेषा ओलांडताच कोसळला. दुसऱ्या दिवशीच्या प्रारंभयादीत त्याचे नाव होते. टप्पा संपल्यावर निकालपत्रक उघडाल तेव्हा ते खालून वर वाचायला सुरुवात करा.